मसाडा: पखाल, पाटी आणि मेंढा

मृत समुद्राच्या पश्चिम काठाला, जुदियाच्या वाळवंटात, मसाडा नावाचा डोंगर एकटाच उभा आहे. त्याच्या पश्चिम अंगाने एक पांढुरका उतार खालून थेट तटापर्यंत चढत जातो. जवळ गेलं की उताराच्या कडेतून लाकडाची टोकं बाहेर डोकावताना दिसतात. झाऊच्या फांद्या, मध्येच खजुराचं लाकूड. साडेएकोणीसशे वर्षं झाली तरी कुजलेली नाहीत, कारण इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. रोमन सैनिकांनी भराव टाकताना ती आत घातली होती.

मसाडा म्हटलं की आठवते ती शेवटची रात्र, शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरण पत्करणारी माणसं. त्या रात्रीवर खूप लिहिलं गेलं आहे आणि त्यावर वादही पुष्कळ आहेत. मला मांडायचे आहेत ते त्याआधीचे आठवडे. माझ्या मते मसाड्याचा निकाल एन गेदी या गावाहून पाणी आणणाऱ्या वाटेवर लागला. तट फुटला तो त्यानंतर आणि त्याच जोरावर.

गड कसा होता

सह्याद्रीतले किल्ले पायांखालून गेलेल्या माणसाला मसाडा लगेच ओळखीचा वाटेल. चारी बाजूंनी तुटलेले कडे आणि माथ्यावर साधारण ६०० मीटर लांब, ३०० मीटर रुंद पठार. पूर्वेकडून, म्हणजे मृत समुद्राच्या बाजूने, चढ सुमारे ४०० मीटरचा. पश्चिमेकडून जेमतेम शंभरेक मीटरचा. वाटा मोजक्या. पूर्वेची वाट इतकी नागमोडी की तिला सापवाट असंच नाव पडलं. जोसेफस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की त्या वाटेवर एक पाय घसरला की माणूस संपला.

या डोंगराचा भक्कम गड केला हेरोद राजाने. त्याची कारकीर्द इ.स.पूर्व ३७ ते ४ ही. त्याला धास्ती दोघांची होती: आपली प्रजा उठाव करील याची, आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा रोमन सरदार अँटनीकडून जुदिया मागून घेईल याची. म्हणून त्याने पळून जाऊन राहता येईल अशी जागा बांधली. माथ्याभोवती सुमारे १,४०० मीटर लांबीचा दुहेरी तट, दोन भिंतींच्या मध्ये खोल्या. उत्तर टोकाला कड्यावर तीन टप्प्यांत उतरणारा महाल. त्याला लागून लांबट, अरुंद अशी २९ कोठारं.

आणि पाणी. वाळवंटात वर्षातून काही वेळा पश्चिमेच्या डोंगरांवर पाऊस कोसळतो आणि कोरड्या ओढ्यांना तासाभरात लोंढा येतो. हेरोदाच्या माणसांनी दोन ओढ्यांना बांध घातले, तिथून पाट काढले आणि डोंगराच्या वायव्य उतारावर खडकात दोन ओळींत १२ टाकी खोदली. त्यांची एकूण क्षमता सुमारे ४०,००० घनमीटर भरते. तिथून जनावरांच्या पाठीवर किंवा माणसांच्या खांद्यावर पाणी माथ्यावरच्या टाक्यांत नेऊन ओतायचं. आपल्याकडच्या गडांवर कातळात कोरलेलं चार खांबांचं टाकं पाहून आपण थबकतो. इथे एकेक टाकं म्हणजे देवळाचा सभामंडप मावेल एवढी गुहा आहे.

गडाचं खरं बळ या विषमतेत होतं. वर पाणी, खाली काही नाही. वेढा घालणारा शत्रू आधी तहानेने हैराण होणार, हा हेरोदाचा हिशोब.

वेळ कशी आली

इ.स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमविरुद्ध बंड केलं. त्याच वेळी सिकारी नावाच्या कडव्या गटाने मसाडा तिथे असलेल्या रोमन चौकीकडून हिसकावला. सिका म्हणजे आखूड वाकडी कट्यार. ती अंगरख्याखाली लपवून भर गर्दीत खून करणारे म्हणून हे नाव पडलं. पुढे त्यांचा म्होरक्या झाला एलाझार बेन याईर. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम घेतलं, मंदिर जळालं, युद्ध जवळपास संपलं. उरले तीन गड. हेरोदियम आणि माखेरस हे रोमन सुभेदार लुसिलियस बासस याने घेतले, पण तो पदावर असतानाच वारला. त्याच्या जागी लुसियस फ्लेवियस सिल्वा आला आणि शेवटचा गड त्याच्या वाट्याला आला. साल परंपरेने इ.स. ७३ धरतात. सिल्वाच्या कारकिर्दीचे शिलालेख इटलीत सापडल्यावर काही अभ्यासक ७४ म्हणू लागले. वेढा संपला तो वसंतात, वल्हांडण या ज्यू सणाच्या सुमारास, यावर मात्र जोसेफस ठाम आहे.

गडावर जोसेफसच्या मते बायका-मुलांसह ९६७ माणसं होती. त्यांतली निम्मी तटावर उभी राहू शकत होती असं धरलं, तरी १,४०० मीटरच्या तटावर दर तीन मीटरला एक माणूस. रोमनांकडे दहावं लीजन (रोमन पायदळाची मोठी पलटण), म्हणजे लीजिओ १० फ्रेटेन्सिस, आणि सोबत मदतीच्या तुकड्या. सगळे मिळून साधारण आठ-नऊ हजार असावेत असा अंदाज केला जातो.

एवढ्याशा माणसांसाठी एवढी फौज कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण हे लोक गडावर गप्प बसून नव्हते. बंडाच्या काळात एका वल्हांडणाला त्यांनी एन गेदीवर धाड घालून सातशेहून जास्त बायका-मुलं मारली, असं जोसेफस सांगतो. तीही ज्यूच होती. आणि एन गेदी म्हणजे त्या किनाऱ्यावरचं गोड्या पाण्याचं ठिकाण, मसाड्याच्या उत्तरेला साधारण १६ किलोमीटरवर. ते गाव ज्याच्या हातात, पाणी त्याच्या हातात. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

सिल्वासमोर काय काय होतं

सापवाटेने चढून जायचं? एकामागून एक माणूस चढतोय आणि वरून दगड घरंगळतायत. गडावर घरंगळवण्यासाठी घडवलेले मोठाले गोल दगड उत्खननात सापडले आहेत. हा मार्ग कोणाही शहाण्या सेनापतीने पहिल्याच दिवशी सोडून दिला असता.

सुरुंग खणून तटाखाली जायचं? खाली अखंड खडक, आणि तट शेकडो फूट वर. तेही नाही.

उपाशी मारायचं? इथे आपण जरा थांबू या, कारण वेढा म्हटला की आपल्या डोक्यात पहिला हाच उपाय येतो. रसद तोडा, वाट पाहा. पण कोठारं भरलेली होती. धान्य, तेल, डाळी, खजूर. हेरोदाच्या काळापासूनचा साठाही कोरड्या हवेत टिकून होता, असं जोसेफस लिहितो. माथ्यावरची माती कसदार होती, थोडीफार शेती होत होती. आणि पाणी होतंच. कागदावर हिशोब केला तर ९६७ माणसांना दिवसाला माणशी ५ लिटर धरून पाच घनमीटरसुद्धा लागत नाही. भरलेली ४०,००० घनमीटरची टाकी एका पिढीला पुरावीत.

हा हिशोब कागदावरचाच, हेही खरं. ती मोठी १२ टाकी तटाच्या बाहेर, खालच्या उतारावर आहेत. वेढा आवळल्यावर तिथे उतरणं जिवावरचं काम झालं असणार, आणि पाटांच्या तोंडाशी रोमन बसल्यावर नवं पाणी येणंही बंद. गडकऱ्यांची भिस्त माथ्यावरच्या टाक्यांवर राहिली. तरीही ते महिनोन्महिने तग धरू शकत होते, यात शंका नाही.

तग धरायची पंचाईत खाली होती. आसपास एकही झरा नव्हता. जोसेफसने हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे: अन्नच नव्हे, पिण्याचं पाणीसुद्धा लांबून आणावं लागे, आणि ते वाहण्याच्या कामावर जुंपलेल्या ज्यू कैद्यांचे त्यात अतोनात हाल होत.

पखालीचा हिशोब

सैनिक, कैदी, नोकरचाकर मिळून तळावर १०,००० माणसं धरू. कष्टाच्या कामाला, तेही वाळवंटात, पिण्यापुरतं आणि भाकरीपुरतं माणशी ४ लिटर म्हणजे फार नाही. दिवसाला ४०,००० लिटर झाले. एक खेचर चामड्याच्या दोन पखालींतून साधारण १०० लिटर वाहू शकतं. म्हणजे रोज ४०० खेचरांच्या खेपा, जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, दगडगोट्यांच्या किनाऱ्याने. माणसांच्या पाठीवर आणायचं तर माणशी २० लिटर धरून २,००० माणसं लागतात, आणि वाहणारा वाटेत स्वतःच्या पखालीतलं काही पिणारच. काही माल मृत समुद्रातून होड्यांनी आला असेल, पण किनाऱ्यापासून तळापर्यंतचा चढ चुकत नाही.

आता हाच हिशोब लांबवून पाहा. दोन वर्षं नुसतं बसून राहायचं म्हटलं तर सुमारे २९,००० घनमीटर पाणी १६ किलोमीटरवरून ओढावं लागलं असतं. हेरोदाच्या १२ टाक्यांच्या क्षमतेच्या जवळपास तीन-चतुर्थांश! त्यात मध्ये उन्हाळा. मृत समुद्राच्या काठी उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि माणसाला लागणारं पाणी दुपटीने वाढतं. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण ते इकडेतिकडे केले तरी निष्कर्ष हलत नाही. बसून राहण्यात नुकसान रोमनांचंच होतं.

म्हणून सिल्वाला घाई होती. वेढा म्हणजे सावकाशीचं काम, ही आपली समजूत इथे उलटी पडते. मसाड्याच्या वेढ्याबद्दल पूर्वी दोन-तीन वर्षांचे अंदाज सहज केले जात. २०२४ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून वेढ्याच्या बांधकामाची त्रिमितीय मोजणी केली. त्यांचा निष्कर्ष असा की ५,००० सैनिकांनी वेढ्याची भिंत आणि तळ ११ ते १६ दिवसांत उभे केले असतील आणि सगळा वेढा काही आठवड्यांतच आटोपला असेल. पाण्याचा हिशोब मांडून बसलं की हेच पटतं.

भिंत

पहिलं काम गड कोंडायचं. डोंगराभोवती दगडांची सुकी भिंत, चुना-माती काही नाही, लांबी सुमारे ४ किलोमीटर. तिच्या अंगाने ८ तळ. १९३०च्या दशकात ॲडॉल्फ शुल्टेन या जर्मन अभ्यासकाने त्यांचा बारकाईने अभ्यास केला. आज त्यांना ए ते एच अशी अक्षरं आहेत. दोन मोठे तळ भिंतीपासून जरा मागे: पूर्वेच्या सपाटीवर बी आणि वायव्येला, रॅम्पच्या म्हणजे तटापर्यंत चढणाऱ्या त्या भरावाच्या जवळ, एफ. सिल्वाचा मुक्काम एफमध्ये. दक्षिणेच्या डोंगरावर एच हा छोटा तळ, तो गडापेक्षा उंचावर, म्हणजे तिथून माथ्यावरची हालचाल थेट दिसणार.

भिंतीचा अंदाज घेऊन पाहू. जाडी दीड मीटर, उंची सव्वादोन मीटर, लांबी ४,००० मीटर धरली तर साडेतेरा हजार घनमीटर दगड होतो. ५,००० माणसांत वाटला तर माणशी २.७ घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत जेमतेम एक ब्रास. दगड पायाशीच पडलेले, फक्त उचलून रचायचे. दोन आठवड्यांत एक ब्रास दगड रचणं हे कुठल्याही कामगाराला झेपणारं काम आहे. आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण वाटून घेतला की तो माणसाच्या आवाक्यात येतो. वाटून घेण्याची ही शिस्त रोमन फौजेच्या हाडीमाशी भिनलेली होती.

प्रत्येक रोमन सैनिकाकडे तलवारीइतकंच सवयीचं एक हत्यार असे. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला टिकाव. कूच असताना रोज संध्याकाळी खंदक आणि बांध घालून तळ उभा करायचा आणि सकाळी मोडायचा, हा नेम. त्याच शतकातला सेनापती कॉर्ब्युलो म्हणत असे की शत्रूला जिंकायचं ते या टिकावाने. त्याने आर्मेनियात मोहीम केली तेव्हा हेच दहावं लीजन त्याच्या हाताखाली होतं. लीजनमधली नोकरी वीस-पंचवीस वर्षांची असे. मसाड्याखाली दगड रचणाऱ्यांत कॉर्ब्युलोच्या हाताखाली टिकाव चालवलेले जुने हात नक्कीच असणार.

एफ तळातल्या राहुट्यांच्या जागा आजही दिसतात. आठ माणसांची एक राहुटी. खाली दगडी भिंतीचा ठेंगणा चौथरा, आत बसायला-निजायला कडेने कट्टा, वर चामड्याचं छत. भांडणं, घोरणं, भाकरी, सगळं त्या एका खोलीएवढ्या जागेत.

भिंतीचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. खाली कडे आहेत, कोण पळणार? पळणाऱ्याला रात्र पुरे होते. एक माणूस निसटून एन गेदीच्या वाटेवरच्या पखाली फाडू शकतो. भिंतीने गड कोंडला आणि पाण्याची वाटही राखली. शिवाय वरून पाहणाऱ्यांना रोज सकाळी ती थोडी पुढे सरकलेली दिसत होती, आणि ती पुरी झाल्यावर आपल्याला बाहेर पडायला जागा नाही, हे त्यांना कोणी येऊन सांगायची गरज नव्हती.

रॅम्प

पश्चिमेला डोंगरातून एक सोंड बाहेर आली होती. जोसेफस तिला पांढरी कड म्हणतो आणि ती माथ्यापासून ३०० हात खाली होती असं सांगतो. तिच्यावर रोमनांनी २०० हात उंच भराव घातला. तोही पुरेसा भक्कम वाटेना म्हणून वर मोठ्या दगडांचा ५० हात उंच आणि तितकाच रुंद चौथरा बांधला. त्या चौथऱ्यावर ६० हातांचा, लोखंडाने मढवलेला मनोरा.

हात म्हणजे साधारण अर्धा मीटर. ही उंची प्रत्यक्ष जागेशी जुळत नाही. १९९३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ डॅन गिल यांनी दाखवून दिलं की आज दिसणाऱ्या रॅम्पचा मोठा भाग म्हणजे मुळातली नैसर्गिक सोंडच आहे. रोमनांचा भराव वरच्या थराचा. काहींना यात रोमनांची किंमत कमी झाल्यासारखी वाटली. मला उलट वाटतं. घाटरस्त्याच्या कामावर काही वर्षं काढली आहेत, तिथे शिकलेला पहिला धडा असा: भरावाची उंची दुप्पट केली की माल दुप्पट लागत नाही. बाजूचा उतार तसाच ठेवायचा तर पायाही रुंदावतो, लांबीही वाढते, आणि माल आठपट लागतो. म्हणून चांगला इंजिनिअर आधी जमीन वाचतो. सिल्वाच्या माणसांनी डोंगराभोवती फिरून ती एक सोंड हेरली, सगळी मोठी कामं त्या बाजूला घेतली आणि शेकडो पाट्यांची मजुरी निसर्गाकडून वसूल केली.

आता त्या लाकडाकडे येऊ. मोकळी माती आणि दगडगोटे यांचा ढीग स्वतःच्या उतारावर उभा राहतो, त्याहून ताठ करू गेलं की घसरतो. आणि इथे तर माथ्यावर अवजड मनोरा ओढून न्यायचा होता. चाकांखाली वजन एकवटलं की मोकळा भराव दोन्ही अंगांनी फुगतो. म्हणून थरांमध्ये फांद्या आणि ओंडके आडवे-उभे घालायचे. लाकूड ताण धरतं, मातीला बाजूला सरकू देत नाही. आजकाल आपण भरावात जाळी किंवा पट्ट्या घालतो त्यामागचं तत्त्व हेच. फांद्यांच्या त्या जाळीत दगड अडकले, म्हणून इतक्या वर्षांत उतार झिजला तरी ढासळला नाही.

हे काम वरून दगड आणि बाण येत असताना करायचं होतं. पाटी घेऊन चढणारा माणूस ढाल धरू शकत नाही. म्हणून छपराचे सरकते आडोसे, आणि मागून यंत्रांचा मारा. दोरांच्या पिळावर चालणारी दगडफेकी आणि बाणफेकी यंत्रं तटावर कोणाला डोकं वर काढू देत नसत. रॅम्पच्या समोरच्या भागात यंत्रांनी फेकलेले दगडी गोळे सापडले आहेत. आणि पाटी वाहणारे हात कोणाचे होते? पाणी कैदी वाहत होते, हे जोसेफस सांगतो. रॅम्पवरही तेच असतील तर वरच्यांना आपल्याच माणसांवर दगड टाकावा लागला असेल. जोसेफस याबद्दल काही लिहीत नाही, म्हणून मीही पुढे जात नाही.

रॅम्प कधी पूर्ण झालाच नव्हता, अशी शंका काही पुरातत्त्वज्ञांनी उत्खननानंतर मांडली आहे; आजचा उतार मनोरा ओढण्याइतका रुंद नाही, हे त्यांचं म्हणणं. पण वरचा भाग शतकानुशतकं झिजला आहे, आणि रोमन गोळे मिळतात ते रॅम्पच्याच तोंडाशी. मला रॅम्प वापरला गेला हेच जास्त पटतं.

मेंढा आणि लाकडाची भिंत

मनोरा वर पोहोचला आणि त्यात टांगलेला ओंडका तटावर आदळू लागला. त्याच्या लोखंडी टोकाला मेंढ्याच्या डोक्याचा आकार असे, म्हणून लॅटिनमध्येही त्याला मेंढाच म्हणतात. दगडी तट कडक. प्रत्येक ठोक्याला सांधा उकलतो, एक दगड निखळला की शेजारचा सैल होतो. थोड्या वेळात भगदाड पडलं.

आणि इथे गडावरच्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. त्यांनी भगदाडामागे दुसरी भिंत उभी केली. मोठ्या तुळयांच्या दोन समांतर रांगा, मध्ये तटाच्या जाडीइतकी जागा, टोकांना आडव्या तुळयांनी बांधलेली, आणि पोकळीत माती. मेंढा तिच्यावर आदळला की माती दबून आणखी घट्ट होई. जो ठोका दगडाला फोडत होता तोच या भिंतीला पक्कं करत होता.

तुळया आल्या कुठून? वाळवंटात एवढं लांब लाकूड मिळत नाही. १९६३ ते ६५ मध्ये यिगाएल यादिन यांनी गडाचं मोठं उत्खनन केलं. त्यांच्यासोबत काम केलेले वास्तुतज्ज्ञ एहुद नेत्झर यांनी पुढे एक गोष्ट लक्षात आणून दिली: गडावरच्या कित्येक इमारती जळलेल्या नाहीत, पण त्यांच्या छतांच्या तुळया गायब आहेत. हेरोदाच्या महालांची छतं उतरवून त्यांनी ती भिंत बांधली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. डोक्यावरचं छप्पर काढून शत्रूसमोर उभं करायचं, याहून वेढ्यातल्या माणसाची अवस्था सांगणारी खूण नाही.

जोसेफस हे सगळं इतक्या बारकाईने लिहू शकला याला कारण आहे. तो मसाड्याला नव्हता, पण असा वेढा त्याने आतून भोगला होता. इ.स. ६७ मध्ये गॅलिलीतल्या योतापाता गावाचा बचाव त्याच्याच हाती होता. समोर रोमन सेनापती व्हेस्पेशियन, १६० यंत्रं, आणि रोज चढत जाणारा भराव. मेंढ्याचा ठोका मऊ करायला त्याने भुशाने भरलेली पोती दोरांनी तटावरून खाली सोडली. रोमनांनी लांब काठ्यांना कोयते बांधून ते दोर कापले. ४७ दिवसांनी गाव पडलं. शेवटी गुहेत लपलेल्या सोबत्यांनी एकमेकांना मारायचं ठरवलं, त्यातून जोसेफस जिवंत राहिला आणि रोमनांच्या आश्रयाला गेला. मसाड्याची रात्र लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कुठली गुहा होती, ते ओळखायला कठीण नाही. म्हणून मी त्याच्या यंत्रांवर आणि भिंतींवर जास्त विश्वास ठेवतो, भाषणांवर कमी.

लाकडाच्या भिंतीचं दुखणं उघड होतं. सिल्वाने मेंढा थांबवला आणि जळत्या मशाली फेकायला लावल्या. भिंत पेटली. वारा आधी उत्तरेचा होता, त्याने ज्वाळा रोमनांच्याच यंत्रांवर आणल्या. मग एकाएकी दक्षिणेचा सुटला आणि आग उलटी फिरली, असं जोसेफस लिहितो. पश्चिमेला उभ्या माणसांच्या तोंडावर ज्वाळा यायला वारा पूर्वेचा हवा, म्हणजे दिशांच्या बाबतीत त्याची ऐकीव माहिती गडबडलेली दिसते. भिंत जळाली एवढं धरायचं. अंधार पडत होता. रोमन खाली तळावर परतले, कोणी निसटू नये म्हणून रात्रभर पहारा कडक ठेवला, आणि हल्ला सकाळवर टाकला.

सकाळ

पहाटे त्यांनी रॅम्पवरून तटावर फळ्या टाकल्या आणि आत शिरले. समोर कोणी नव्हतं. काही ठिकाणी आग होती, बाकी शांतता. त्यांनी आरोळी ठोकली, तेव्हा एक म्हातारी, एलाझारची नातेवाईक असलेली एक बाई आणि पाच मुलं बाहेर आली. ती जमिनीखाली, पाणी वाहून नेणाऱ्या मार्गात लपून राहिली होती. रात्री काय झालं ते त्यांनी सांगितलं. मेलेले ९६० होते. कोठारांतलं धान्य मात्र मुद्दाम जाळलं नव्हतं. आपण उपासमारीने मेलो नाही, हे रोमनांना कळावं म्हणून.

सिल्वा गडावर शिबंदी ठेवून उरलेल्या फौजेसह कैसारियाला परतला. यादिन यांच्या उत्खननात गडावर लॅटिनमधला एक पगाराचा कागद सापडला, त्याच सुमाराचा. बेरूतच्या गायस मेसियस नावाच्या सैनिकाचा. पगार आला ५० देनारी, म्हणजे रोमन चांदीची नाणी. त्यातून कापले: घोड्याच्या जवांचे १६, जेवणाचे २०, बुटांचे ५, चामड्याच्या पट्ट्यांचे २, लिननच्या अंगरख्याचे ७. बेरीज ५०. जव, जेवण, बूट, पट्टे, अंगरखा, सगळ्याचा हिशोब त्या कागदावर आहे. पाण्याची कपात नाही. वरची टाकी आता त्यांचीच होती.